दिघी, दौंड आणि वाघोलीतली एक गच्ची

मंडळी, आज ट्रॅफिक नाही, टँकर नाही, खड्डे नाहीत. म्हणजे ते सगळं आहेच, पण आज त्यावर लिहीत नाही. आज थोडा इतिहास. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात आमच्या गच्चीवरून. पुतण्या इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात त्याच्या डोक्यात आलं की गच्चीवर रेडिओ रिसीव्हर बसवायचा. साधा नाही. जगात कुठेही बसलेल्या माणसानं मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडावा आणि वाघोलीच्या आकाशात काय ऐकू येतंय ते ऐकावं, असा. मी म्हटलं, "अरे, रेडिओ ऐकतं कोण आता?" तो म्हणाला, "काका, पेपर तरी कोण वाचतं?" विषय संपला.

याला सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ म्हणतात, लोक एसडीआर म्हणतात. मला समजलं तसं सांगतो. जुना रेडिओ म्हणजे विहिरीवरचा एक पोहरा. काटा फिरवा, एका वेळी एकच स्टेशन वर येणार. एसडीआर म्हणजे पाट. अँटेनावर पडणाऱ्या लहरींचा एक अख्खा पट्टा यंत्र एकदम आकड्यांमध्ये बदलतं आणि कॉम्प्युटरकडे सोडतं. मग त्या पाटातून ज्याला जेवढं लागेल तेवढं पाणी त्यानं आपल्या चारीत वळवून घ्यायचं. म्हणजे पुतण्याच्या एकाच रिसीव्हरवर शिरूरचा माणूस बातम्या ऐकेल, सोलापूरचा माणूस हॅमवाल्यांच्या गप्पा ऐकेल, आणि दोघांची पाळीवरून भांडणं होणार नाहीत. स्क्रीनवर धबधब्यासारखं एक चित्र वरून खाली सरकत राहतं. जिथं रेघ दिसते तिथं कुणीतरी बोलतंय. तिथं बोट ठेवलं की ऐकू येतं.

हे पहिल्यांदा चाललं नेदरलँड्समध्ये. तिथं ड्विंगेलो नावाच्या गावी २५ मीटर व्यासाची एक जुनी रेडिओ दुर्बीण आहे, १९५६ सालची. ती बंद पडली आणि हौशी मंडळींनी डागडुजी करून पुन्हा उभी करायला घेतली. चंद्रावर आपटून परत येणारे हॅम रेडिओचे संदेश या दुर्बिणीतून सगळ्यांना ऐकता यावेत, अशी कल्पना २००७ च्या अखेरीस पुढे आली. ट्वेंटे विद्यापीठातल्या पीटर-त्यर्क दे बूर यांनी त्यासाठी सॉफ्टवेअर लिहिलं आणि २००८ मध्ये विद्यापीठातला रिसीव्हर इंटरनेटवर आला. त्याला नाव मिळालं वेबएसडीआर. ट्वेंटेचा तो रिसीव्हर आजही जगातले लोक ऐकतात. पुढे २०१२ च्या सुमारास लक्षात आलं की कॉम्प्युटरवर टीव्ही बघण्यासाठी बनवलेली पेनड्राइव्हएवढी स्वस्त डोंगल एसडीआर म्हणून वापरता येते. मग हा खेळ विद्यापीठातून कॉलेजच्या पोरांच्या हातात आला. आमच्याकडचीही तीच, दोन-चार हजारांतली. सोबत रास्पबेरी पाय नावाचा पत्त्याच्या कॅटएवढा कॉम्प्युटर, आणि पाण्याच्या टाकीपासून लिफ्टच्या खोलीपर्यंत ताणलेली साधारण वीस मीटर तांब्याची तार. बस, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, यात इतिहास कुठे आहे?

नकाशा उघडा. खडकी-दिघीवर पट्टीचं एक टोक ठेवा, दुसरं दौंडवर. ती रेघ वाघोलीच्या अगदी अंगावरून जाते. शंभर वर्षांपूर्वी या रेघेच्या दोन टोकांवर हिंदुस्थानचं तोंड आणि कान होते, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती नाही.

त्याआधी मुंबईहून लंडनला तार जायची ती समुद्राखालच्या केबलमधून. केबल कंपन्यांच्या हातात सगळा कारभार, आणि दर शब्दागणिक. मार्कोनीच्या लोकांनी विसाच्या दशकात दाखवून दिलं की शॉर्टवेव्ह लहरी एका दिशेनं झोत टाकल्यासारख्या सोडल्या, तर त्या वरच्या वातावरणातल्या थरांवर आपटत हजारो मैल जातात, आणि तेही कमी विजेत. याला बीम वायरलेस म्हणायचे. ब्रिटिश सरकारनं सगळं साम्राज्य अशा झोतांनी जोडायचं ठरवलं. १९२६ मध्ये कॅनडा, १९२७ मध्ये ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि सप्टेंबरात हिंदुस्थान. हिंदुस्थानातलं प्रक्षेपण केंद्र खडकीच्या बाजूला आणि ग्रहण केंद्र दौंडला. तिकडे इंग्लंडमध्ये पूर्व किनाऱ्यावर, ग्रिम्सबी आणि स्केगनेसजवळ, अशीच एक जोडी होती.

दोन केंद्रं एकमेकांपासून एवढी लांब का, हे मला आधी कळलं नव्हतं. पुतण्यानं सांगितलं, "काका, लग्नाच्या डीजेसमोर उभं राहून कानात कुणी कुजबुजलं तर ऐकू येईल का?" प्रक्षेपक म्हणजे डीजे. साता समुद्रापलीकडून आलेली कुजबुज ऐकायची तर त्याच्यापासून लांब, शांत माळावर जायला हवं. १९२७ साली दौंड तसं होतं.

या बीमनं केबल कंपन्यांचा धंदा इतका बसवला की साम्राज्याला परिषद भरवून दोघांना एकत्र बांधावं लागलं. आपल्याकडे १९३२ मध्ये इंडियन रेडिओ अँड केबल कम्युनिकेशन्स कंपनी झाली. १९३३ मध्ये मुंबई-लंडन रेडिओ टेलिफोन सुरू झाला. १ जानेवारी १९४७ ला, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी, सरकारनं हे सगळं ताब्यात घेतलं आणि ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस, ओसीएस, जन्माला आली. १९८६ मध्ये तिची विदेश संचार निगम झाली. जुने दिघीकर, भोसरीकर अजून त्या भागाला "व्हीएसएनएल" म्हणतात ते यावरून. एकोणीसशे एकाहत्तरला जुन्नर तालुक्यात आर्वीला उपग्रह केंद्र उभं राहिलं, विक्रम नावाचं, आणि परदेशी फोन आकाशातून जायला लागले. शॉर्टवेव्हचे मनोरे हळूहळू निरुपयोगी झाले. २००२ मध्ये विदेश संचार निगम टाटांकडे गेली. दिघीची शेकडो एकर जमीन जास्तीची म्हणून वेगळी काढली, त्यासाठी हेमिस्फिअर प्रॉपर्टीज नावाची सरकारी कंपनी झाली, तिचे शेअर आज बाजारात आहेत. दिघीचं नाव आता पेपरात येतं ते जमिनीच्या भावाच्या बातमीत. वायरलेसच्या बातमीत मी ते वीस वर्षांत एकदाही लिहिलेलं नाही, हे माझंही आलंच.

आता याच रस्त्यावरची दुसरी गोष्ट. वाघोलीहून पुण्यात जाताना नगर रस्त्यावर डाव्या हाताला आगाखान पॅलेस लागतो. पुलाखालच्या कोंडीत अडकलो की आपण रोज त्याच्याकडे बघतो. ९ ऑगस्ट १९४२ ला गांधीजींना मुंबईत अटक करून इथं आणलं. महादेवभाई देसाई आठवडाभरात इथंच गेले, कस्तुरबा फेब्रुवारी १९४४ मध्ये. बाहेर वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप होतं. युद्ध सुरू होताच १९३९ मध्येच हौशी रेडिओवाल्यांचे परवाने रद्द करून यंत्रं जमा करायला सांगितली होती.

अशा वेळी मुंबईत बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या मित्रांनी, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई ठक्कर यांनी, चोरून रेडिओ केंद्र काढलं. शिकागो रेडिओच्या मोटवानेंकडून सामान मिळालं. राममनोहर लोहिया पाठीशी होते. २७ ऑगस्ट १९४२ ला काँग्रेस रेडिओ बोलू लागला, ४२.३४ मीटरवर. ठिकाण सांगायचे ते फक्त "हिंदुस्थानात कुठेतरी". खरं ठिकाण होतं मुंबईतले भाड्याचे फ्लॅट, आणि पोलिसांना माग लागू नये म्हणून ते सारखे बदलायचे. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, आपल्या विदर्भातल्या चिमूर-आष्टीचे अत्याचार, जे पेपर छापू शकत नव्हते ते हे पोरं-पोरी बोलत होते. १२ नोव्हेंबरला पोलीस गिरगावातल्या पारेखवाडीत दारं फोडून आत शिरले. त्यांचाच एक तंत्रज्ञ फुटला होता. उषाताईंना चार वर्षं शिक्षा झाली, ती त्यांनी येरवड्यात भोगली. येरवडा म्हणजे पुन्हा आपलाच रस्ता, आगाखान पॅलेसच्या थोडं पुढे. १९४६ मध्ये सुटल्या. पुढे मुंबई विद्यापीठात शिकवलं, १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळालं, २००० च्या ऑगस्टमध्ये गेल्या. २०२४ मध्ये त्यांच्यावर हिंदी सिनेमाही आला, काही जणांनी बघितला असेल.

मीटरचं मेगाहर्ट्झ करायचं गणित सोपं आहे, ३०० ला मीटरनं भागायचं. ४२.३४ मीटर म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्झ. पुतण्यानं स्क्रीनवर तो आकडा टाकला आणि मी खुर्चीत सरळ बसलो. तो आज हॅम रेडिओवाल्यांचा पट्टा आहे. सकाळी सहा-सातच्या सुमाराला त्याच जागी आजूबाजूला माणसं बोलत असतात, "नमस्कार, आवाज कसा येतोय, पाऊस आहे का तिकडे". ज्या आकड्यावर बोलल्याबद्दल चार वर्षं येरवडा, तिथं आता पावसाच्या चौकश्या.

आणखी एक गोष्ट माझ्यासारख्या बातमीदाराला टोचते. काँग्रेस रेडिओवरून रोज काय बोललं गेलं, हे आज आपल्याला माहीत आहे ते मुख्यतः सरकारमुळे. सरकारची माणसं ते रोज ऐकून उतरवून घेत होती, खटल्यासाठी. उषा ठक्कर यांच्या पुस्तकाला तीच कागदपत्रं कामी आली. ज्यांच्यासाठी बोललं गेलं ते ऐकून विसरले, ज्यांनी पकडण्यासाठी ऐकलं त्यांच्या फायलीत इतिहास राहिला. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये नेमकं उलटं झालं. रशियन सैनिक साध्या, उघड्या रेडिओवर बोलत होते, हौशी लोकांनी ते ब्राउझरमधल्या रिसीव्हरवर ऐकून रेकॉर्ड केलं आणि ते परदेशी पत्रकारांच्या शोधबातम्यांमध्ये वापरलं गेलं. फाईल या वेळी लोकांकडे होती.

म्हणून हा नुसता पोराटोरांचा छंद आहे असं मला आता वाटत नाही. ऐकणं हेसुद्धा आपल्याकडे परवान्याचं काम होतं. १८८५ चा तार कायदा, १९३३ चा वायरलेस कायदा, जुने लोक घरच्या रेडिओसाठी पोस्टात जाऊन दरवर्षी पैसे भरायचे. आमच्या वडिलांच्या ट्रंकेत ते तिकिटं चिकटवलेलं पुस्तक अजून आहे. ती पद्धत ऐंशीच्या दशकात गेली. आता २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आलाय. पुतण्याला मी एकच अट घातली: पोलिसांचे, विमानांचे पट्टे जगापुढे उघडे करायचे नाहीत. प्रक्षेपण केंद्रं आणि हॅमचे पट्टे, तेवढेच. तो म्हणाला, "काका, तेवढंच पुरून उरतं."

पण खरी अडचण कायद्याची नव्हतीच. आवाजाची होती.

पहिल्या रात्री यंत्र लावलं आणि स्क्रीन नुसती पिवळी. एकही रेघ नाही, सगळीकडे सारखी खरखर. तार तपासली, जोड तपासले, डोंगल बदलली. तेच. मग पोरगा बॅटरीवरचा छोटा रेडिओ घेऊन इमारतभर हिंडला. एलईडी दिवे खरखरतात. मोबाईलचे स्वस्त चार्जर खरखरतात. इन्व्हर्टर, लिफ्टची मोटर, गच्चीवरच्या सोलरचा डबा, सीसीटीव्हीचा अडॅप्टर, सगळं खरखरतं. आपल्या कानाला नाही, अँटेनाला. मग तारेच्या टोकाला फेराइटची कडी लावली, आमच्या घरातले तीन चार्जर फेकले, रास्पबेरी पाय बॅटरीवर टाकला. थोडं सुधारलं.

त्यात सोसायटीची मीटिंग. एका काकांचं म्हणणं, या तारेतून रेडिएशन निघतं. मी सांगितलं की ही तार फक्त ऐकते, एक शब्द बोलत नाही. दुसऱ्यांचं म्हणणं, वीज पडेल. हा मुद्दा बरोबर होता, म्हणून अर्थिंग केलं आणि ढग आले की तार काढून ठेवायचं ठरलं. समोरच्या इमारतीवर मोबाईलचे टॉवर उभे आहेत, त्यावर मात्र कुणी काही बोललं नाही. असो. परवानगी सहा महिन्यांसाठी मिळाली आहे.

आणि मग एका रात्री लाईट गेली. वाघोलीत हे सांगायला नको. फक्त आमची नाही, अख्ख्या भागाची. पोरगा धावत आला, "काका, वर चला!" गच्चीवर लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर चालू होता. पिवळी स्क्रीन काळी पडली होती, आणि त्या काळ्यावर रेघाच रेघा. दहा, वीस, मोजता येईनात. चिनी, अरबी, कुठलंतरी पाश्चात्त्य संगीत, मोर्सचं टिकटिक, दोन माणसं हिंदीत बोलताहेत. राउटर बंद, त्यामुळे जगाला यातलं काही ऐकू जात नव्हतं, आम्ही दोघंच. चाळीस मिनिटांनी लाईट आली, सगळीकडून "आली आली" झालं, आणि स्क्रीन परत पिवळी.

तेव्हा मला खोडद समजलं. नारायणगावजवळची जीएमआरटी, जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. उभारली प्रा. गोविंद स्वरूप यांनी. या माणसाची सुरुवातही जुन्या सामानातून झालेली. ऑस्ट्रेलियानं वापरून टाकलेल्या बत्तीस छोट्या तबकड्या त्यांनी मिळवल्या आणि १९६५ मध्ये कल्याणला लावून सूर्याचं निरीक्षण केलं. पुढे उटी, मग खोडद. तबकडीवर पत्र्याऐवजी तारांची जाळी ताणायची ही त्यांची युक्ती, म्हणून एवढी मोठी दुर्बीण आपल्याला परवडली. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापारेली यान मंगळावर उतरताना त्याचा क्षीण संदेश खोडदनं ऐकला होता. यान आपटलं, पण ऐकणाऱ्यानं आपलं काम केलं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथं लोकांना सोडतात, पोरांना घेऊन जरूर जा.

याच दुर्बिणीमुळे पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग बदलायचं ठरलं, शिर्डी-अहिल्यानगरकडून. जुन्नर, आंबेगाव, नारायणगावची माणसं चिडली आहेत आणि त्यांचं चिडणं मला खोटं वाटत नाही. वर्षानुवर्षं रेल्वे येणार येणार ऐकून जमिनीचे हिशोब मांडलेली माणसं आहेत ती. पण "दुर्बिणीला रेल्वेचा काय त्रास" असं जे सर्रास विचारलं जातं, त्याचं उत्तर मी आमच्या गच्चीवर डोळ्यांनी बघितलं. तीन चार्जर आणि एक लिफ्ट शॉर्टवेव्हची अख्खी दुनिया पुसून टाकतात. खोडदला तर त्याहून कितीतरी पटींनी बारीक आवाज ऐकायचा असतो. बोगदा, आडोसा, दुसरा मार्ग, यावर तज्ज्ञांनी लोकांसमोर बसून, आकडे घेऊन बोलायला हवं होतं. ते झालं नाही, आणि दुर्बीण विनाकारण खलनायक झाली.

सध्याची स्थिती अशी. रिसीव्हर पहाटे पाच ते आठ आणि रात्री नऊनंतर चालू असतो. बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्ह ३१ जानेवारी २०२० ला बंद झाली, तशी बरीच स्टेशनं गेली, तरी अजून खूप काही येतं. आकाशवाणी पुणे ७९२ वर कॉम्प्युटरच्या पडद्यावर जाडजूड रेघ होऊन दिसतं, ते बघून आईला गंमत वाटली. ऐकण्याची लिंक पुतण्या एकदा घरच्या इंटरनेटवाल्याशी भांडून पक्का पत्ता मिळाला की देईल, मी इथंच टाकीन.

आणि एक काम आहे तुमच्याकडे. दिघीच्या नाहीतर दौंडच्या केंद्रात कुणाचे आजोबा, वडील, काका नोकरीला होते का? ओसीएसच्या काळातले फोटो, ओळखपत्र, ड्युटीची वही, मनोऱ्यासमोर काढलेला एखादा ग्रुप फोटो, काहीही असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. घरी येऊन स्कॅन करून नेतो, मूळ कागद तुमच्याकडेच राहील. दौंडचं जुनं ग्रहण केंद्र नेमकं कुठल्या माळावर होतं ते तिथल्या कुणी दाखवणार असेल तर रविवारी गाडी काढायची आमची तयारी आहे. पोरगा छोटा रेडिओ सोबत घेणार म्हणतोय, दौंडला अजून किती शांत आहे ते बघायला.